रोग्याचा वाटा

दीर्घकाळ राहणाऱ्या रोगाविषयीं आपल्या खेड्यापाड्यांत दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, जें वांट्यास आलें तें मुकाट्यानें सोसावें. दुसरें असें कीं, रोग हें रोग्याच्या आळसाचें व जिभेच्या चोचल्यांचें फळ होय. पहिल्या मतानें रोग्याचा हात लुळा पडतो. दुसऱ्यानें त्याची मान खालीं जाते. वाचकहो, ह्या दोहोंहून निराळा मार्ग आहे काय, ह्याचा आज विचार करूं.

ह्या प्रश्नाचा शोध आपल्या मावळांतच पूर्वीं सुरू झाला. स्वामी कुवलयानंद ह्यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापिली व त्याच सालीं ‘योगमीमांसा’ हें नियतकालिक काढिलें. आसनें व प्राणायाम ह्यांचा गुण केवळ परंपरा सांगते म्हणून त्यांनीं मानिला नाहीं. क्ष-किरण व दाब मोजण्याचीं यंत्रें लावून शरीरांत काय घडतें तें पाहिलें. म्हणणें मोठें असेल तर तें तपासून घ्यावें, हा त्यांचा धडा आम्हांस आसनांइतकाच मोलाचा वाटतो.

असाच तपास परदेशांतही झाला. १९५३ सालीं डॉक्टर जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी ह्यांनीं लंडनच्या बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षां, दुमजली गाडीचा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांस हृदयविकार कमी होत असे. मधुमेहाविषयीं तर कारणही कळलें आहे. इन्सुलिनचें काम नीट होत नसतांही, श्रम करणारे स्नायू रक्तांतील साखर ओढून घेतात. परंतु हा गुण एकदोन दिवसांत ओसरतो. भात कणगींत भरून वर्षभर पुरवितां येतें. व्यायाम असा साठवितां येत नाहीं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल सांगते. झपझप चालणें तींत येतें.

औषध दुसरा आणून देतो, पथ्याचें अन्न दुसरा रांधून देतो. चालणें मात्र कोणी कोणासाठीं करूं शकत नाहीं. हा रोग्याचा स्वतःचा वाटा होय, आणि ज्यास वाटा आहे तो केवळ दयेचें पात्र राहत नाहीं. तथापि कर्तव्य सांगणें निराळें व दोष देणें निराळें. नेमानें चालणाऱ्यासही मधुमेह होतो. व्यायाम रोगास आवरतो, दर वेळीं घालवीत नाहीं. म्हणून डॉक्टरांचें औषध आपल्या मनानें सोडूं नये, आणि छातींत दुखूं लागल्यास तत्काळ थांबून दवाखाना गांठावा.

कोणी म्हणेल, भातलावणींत दिवसभर वाकणाऱ्या बाईस आणखी व्यायाम कशास सांगतां? ही शंका रास्त आहे. तिच्या देहास श्रम उणे नाहींत. विसावा उणा आहे. तिचे गुडघे दुखत असतील तर आधीं तिच्या डोईवरचा हंडा दुसऱ्यानें घ्यावा. अर्धा तास मोकळा मिळाला तरच सांध्यांस बळ देणाऱ्या हालचाली तिला सावकाश करितां येतील. रोग्याचा वाटा रोग्यानें उचलावा हें खरें. पण त्यापुरती सवड त्यास देणें हा घरच्यांचा वाटा होय. तो न देतां केलेला उपदेश व्यर्थ आहे.