आधी नीट बघा



पुतणी मोबाइल पुढे करते. "काका, कसा आलाय फोटो?" आपण ओझरतं पाहतो, "छान!" म्हणतो आणि चहाकडे वळतो. तिला मात्र कळतं, काकांनी पाहिलंच नाही.

आधी नीट बघा. फोटोत आजी खिडकीशी बसून गहू निवडते आहे. उजेड पाठीमागून येतोय, म्हणून चेहरा काळवंडलाय. पण हात? सुपातल्या दाण्यांवर थबकलेली बोटं किती नेमकी टिपलीत! तेच आधी सांगा. मग म्हणा, "पुढच्या वेळी आजीला जरा खिडकीकडे वळव. उजेड तोंडावर येईल." एवढं पुरे. "तुला जमत नाही" या वाक्यातून कुणी काही शिकत नाही. ते नुसतं लागतं.

तोंडदेखलं कौतुकही काही शिकवत नाही, बरं का. कुणाची कविता असो, कुणाचं गाणं असो, मत द्यायचं तर आधी नीट बघा, नीट ऐका. वेळ जातो त्यात. म्हणून तर आपण टाळतो.

आणि हो, पुतणीला एक विचारा. "हा फोटो घेताना तुला काय दिसलं होतं?" कदाचित तिला चेहरा नकोच असेल. हातच हवे असतील. मग खिडकीची सूचना मागे घ्या, आणि तिला म्हणा, "अजून थोडी जवळ जा."