याईराच्या घराकडे जाताना

आज मार्कलिखित शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढा आणि एकविसाव्या वचनापासून शेवटपर्यंत वाचा. हा भाग आपण इतक्यांदा ऐकलेला असतो की पुढचं वाक्य ओठांवर आधीच तयार असतं. म्हणून सावकाश वाचा. जमलं तर मोठ्यानं वाचा. एक वाचन झालं की पुस्तक मिटू नका, मांडीवर तसंच उघडं राहू द्या.

सरोवराचा काठ आहे. गर्दी दाटलेली. याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी, गावात मान असलेला माणूस, सगळ्यांदेखत येशूच्या पायांवर पडतो. लेक शेवटच्या घटका मोजतेय. येऊन तिच्यावर हात ठेवा, एवढंच त्याचं मागणं. येशू निघतो. याईर वाट काढत पुढं चालला असेल, मागं वळून वळून बघत असेल. लेकराला पोटाशी धरून रात्री-अपरात्री मुखेडहून किंवा किनवटहून नांदेड गाठलेल्या कुठल्याही बापाला ती चाल माहीत आहे.

आणि येशू मध्येच थांबतो.

इथं तुम्हीही थांबा. या गर्दीत आपण कुठं उभे आहोत ते बघा. याईराच्या शेजारी असाल तर जीव वरखाली होत असेल. शिष्यांच्या बाजूला असाल तर वैताग आला असेल, कारण चारही बाजूंनी लोक रेटत असताना हा विचारतोय, मला शिवलं कोण? आज मात्र मागच्या बाजूला या. तिथं एक बाई उभी आहे. तिच्या मागं उभे राहा.

बारा वर्षं तिचा रक्तस्राव थांबलेला नाही. मार्क तिच्याबद्दल अगदी घरातल्या माणसानं सांगावं तसं सांगतो. वैद्य झाले, होतं नव्हतं ते सगळं खर्चलं, आणि दुखणं उलट वाढलं. आपल्याकडे याचा अर्थ कुणाला समजावून द्यावा लागत नाही. आधी गावातला डॉक्टर, मग लातूर, मग सोलापूर. नांदेडकडचा माणूस असेल तर हैदराबाद. गळ्यातलं मोडलं जातं, एकरभर रान गहाण पडतं, आणि दवाखान्याची फाईल तेवढी जाड होत जाते. त्यात भर म्हणजे, लेवीयाच्या नियमाप्रमाणं अशी बाई ज्या अंथरुणावर निजेल ते विटाळलेलं आणि तिला शिवेल तोही विटाळलेला. म्हणजे बारा वर्षांत तिचा हात कुणी हातात घेतलेला नाही.

ती मागून येते आणि त्याच्या वस्त्राला शिवते. तिला कळतं, आपण बऱ्या झालो. काम झालेलं आहे. आता येशू निघाला असता तरी चालण्यासारखं होतं. याईराचा एकेक क्षण चालला आहे. तरी तो थांबून राहतो, ती कापत पुढं येईपर्यंत, आणि सगळं खरं खरं सांगून होईपर्यंत. मग तो तिला मुलगी म्हणतो.

आता पुढचं घर. निरोप येतो की पोर गेली, गुरुजींना आता कशाला त्रास देता. येशू पुढं जातो, पण पेत्र, याकोब आणि योहान सोडून बाकीच्यांना मागं ठेवतो. रडारड करणाऱ्यांना घराबाहेर काढतो. आत आई, बाप, तिघं शिष्य आणि पोर. तो तिचा हात धरतो आणि ती उठून चालू लागते. बारा वर्षांची आहे ती. त्यानंतर तो दोन गोष्टी सांगतो: हे कुणाला कळू द्यायचं नाही, आणि पोरीला खायला घालायचं.

ही दोन दृश्यं आज शेजारी शेजारी ठेवून बघा. एकाच दिवशी, एकाच वाटेवर, त्यानं एकीला गर्दीपुढं बोलायला लावलं आणि दुसरीची गोष्ट घराच्या चार भिंतींत ठेवायला सांगितली. असं का? मी यावर बराच काळ विचार केला आहे आणि मला एकच उत्तर पटतं. त्या बाईला नुसतं बरं होऊन भागणार नव्हतं. गावानं तिला टाकलेलं होतं. ती शुद्ध झाली हे गावानं ऐकल्याशिवाय तिचा चुलीपाशी, पाणवठ्यावर, सणावाराला परत प्रवेश नव्हता. चारचौघांत बोलणं हा तिच्या बऱ्या होण्याचाच उरलेला भाग होता. याईराच्या पोरीला मात्र गर्दीचा काडीचा उपयोग नव्हता. तिला भूक लागली होती. दोन्हीकडे त्यानं बघितलं ते दुखणाऱ्या माणसाकडे. लोकांवर छाप पडते का, किती जण विश्वास ठेवतात, हा हिशेब कुठंच नाही. आणि हा हिशेब त्याला सुचला नव्हता असंही नाही. सेवेला लागण्याआधी झालेल्या परीक्षेत सैतानानं नेमकं तेच सुचवलं होतं: मंदिराच्या टोकावरून उडी टाक. यरुशलेमच्या भरगर्दीत याहून मोठी सुवार्ता-सभा कुठली झाली असती? त्यानं नकार दिला.

थोडा वेळ शांत बसा. मग आपल्या इकडच्या एका मांडवात जाऊ.

मैदानावर चंगाई सभा आहे. पुढं सतरंज्या, मागं प्लास्टिकच्या खुर्च्या, कीबोर्ड, गाणी. सतरंजीच्या कडेला एक बाई बसली आहे. मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट, त्याच्या तोंडाशी घडी घातलेल्या चिठ्ठ्या खोचलेल्या. पिशवीत खोबरेल तेलाची बाटली, तेवढ्यावर प्रार्थना करून घ्यायची म्हणून आणलेली. हाताच्या पाठीवर सलाईनची चिकटपट्टी अजून तशीच आहे. प्रार्थना होते आणि लगेच माईक तिच्या तोंडाशी येतो. किती वर्षांचा त्रास? आता कसं वाटतं? दुखतंय का? हजार डोळे तिच्याकडे आहेत. ती म्हणते, नाही दुखत. हालेलुया होतो.

त्या क्षणी तिला खरंच दुखत नसेल. हे मी मनापासून म्हणतो. प्रभू आजही बरं करतो यावर माझा विश्वास आहे, आणि लातूर-नांदेड या दोन जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत विश्वास आला तो आजीच्या दुखण्यातून, फिट येणाऱ्या लेकराच्या उशाशी झालेल्या प्रार्थनेतून. त्या साक्षी मी ऐकल्या आहेत. त्या सांगताना म्हाताऱ्या माणसांचा कंठ दाटून येतो, आणि तो खोटा नसतो. मला काळजी आहे ती त्या बाईच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळची. दुखणं परत आलं तर तिनं कुणाला सांगायचं? सगळ्या गावासमोर बरी झालेली आहे ती. मग ती स्वतःलाच बोल लावते, माझाच विश्वास कमी पडला. किंवा गोळ्या बंद करते, कारण गोळी घेणं म्हणजे संशय घेणं, असं कुणीतरी तिला म्हणालेलं असतं. बीपीची, साखरेची, फिटची गोळी अशी सुटते. क्षयाचं औषध साधारण सहा महिने चालतं. ते मध्येच सोडलं तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि खोकल्यातून तसेच घरातल्या पोराबाळांपर्यंत पोचतात.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच आठवड्यात राज्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्या कायद्यानं प्रार्थनेला हात लावलेला नाही. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवणं, लुबाडणं, भीती घालणं, आणि कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवणं, हे गुन्हे ठरवले. आपल्यातले काही जण या कायद्याचं नाव निघालं की सावध होतात. मला तसं वाटत नाही. आजारी माणसाचं काय होणार, हाच प्रश्न तो विचारतो, आणि याईराच्या वाटेवर येशू याच प्रश्नापाशी थांबला होता.

आता मननाचा अवघड भाग आहे. पाठ टेकून बसा. घाई करू नका.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमारास भूकंपानं किल्लारी हलली आणि लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं माळवदाच्या दगडमातीखाली गेली. दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. मंगरूळमध्ये लष्कराच्या जवानांना चार दिवस उलटून गेल्यावर ढिगाऱ्यात दीड वर्षाची मुलगी जिवंत सापडली. सगळे म्हणाले, चमत्कार. मीही तोच शब्द वापरीन. पण तो उच्चारताना त्याच ढिगाऱ्यापाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या आईकडे बघा. तिचं लेकरू पहिल्याच रात्री गेलं. तिनं हाक मारली नसेल का?

त्या पहाटेला तीस वर्षं झाली त्याच आठवड्यात, ऑक्टोबर २०२३च्या आरंभी, नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावले. त्यातली १२ नवजात बाळं. या शहरात गुरुद्वारा आहे, दर्गे आहेत, देवळं आहेत, चर्च आहे. त्या रात्री वॉर्डाबाहेर बसलेल्या आयांनी कुठल्या ना कुठल्या नावानं देवाला हाक मारलीच असणार. त्यांचा विश्वास कमी पडला असं जो म्हणेल, त्यानं शुभवर्तमान पुन्हा वाचावं. दारात आलेल्या आजाऱ्याला, तुझा विश्वास थोडा आहे म्हणून येशूनं रिकाम्या हातानं परत पाठवलं, अशी एकही गोष्ट चारही शुभवर्तमानांत नाही. मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप तर आपला विश्वास अपुरा असल्याचं तोंडावर कबूल करतो, आणि तरी त्याचा मुलगा बरा होतो. पौलाएवढा सुवार्तिक दुसरा झाला नाही. त्यानं आपल्या देहातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा तसाच राहिला. आपला सोबती त्रफिम याला त्यानं मिलेतला आजारीच मागं ठेवलं, आणि हे पत्रात लिहून टाकलं, लपवलं नाही. आपल्या सभांतून अशी साक्ष कधी ऐकली आहे का, याचा विचार करा.

मग सुवार्ता लोकांपर्यंत जाते कशी? मराठवाड्यापुरतं बघितलं तर मला नारायण शेषाद्री आठवतात. ब्राह्मण घरातला हा तरुण १८४३ साली ख्रिस्ती झाला आणि पुढं जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवून मांग समाजातल्या माणसांत राहिला. ज्यांची सावलीही चालत नव्हती त्यांच्या सोबत पंगतीला बसणं म्हणजे त्या काळी काय असेल ते लातूर-नांदेडच्या माणसाला सांगायला नको. मला त्या गर्दीतल्या बाईची गोष्ट तिथं पुढं चाललेली दिसते.

आणि मिरज. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथं मिशन हॉस्पिटल काढलं. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली होती, आणि १९२७ मध्ये तिचा फाटा पंढरपूरच्या पुढं मिरजेपर्यंत गेला. म्हणजे लातूरच्या आजाऱ्याला गाडीत बसून मिशनच्या दवाखान्याकडे जाता येऊ लागलं. टाके घालणाऱ्या आणि पू पुसणाऱ्या हातांनी तिथं प्रार्थनाही केली. प्रार्थना आणि औषध यांत निवड करायला लावणारा धर्म त्या डॉक्टरांना माहीत नव्हता. मला त्यांचा हा वारसा आज कमी दिसतो, आणि त्याचं दुःख होतं.

आता पुस्तक पुन्हा बघा, त्रेचाळिसावं वचन. आपल्या ओळखीतलं एक आजारी माणूस मनात आणा. नाव घ्या. त्याच्या खाटेशी बसल्यासारखं बसा. त्याला बरं कर, असं प्रभूला सरळ, धीटपणे मागा. याईरानं मागितलं तसं, काही हातचं न राखता. चमत्कार मागायला लाजू नका.

मग या आठवड्यात त्या माणसाकडे जा. पुढची तारीख कधीची दिलीय ते विचारा. गोळ्या संपल्या असतील तर आणून द्या. रात्री सोबतीला कोण राहतं, डबा कुठून येतो, जी बाई महिनाभर खाटेशी बसून आहे ती स्वतः जेवली का, तेही विचारा. त्यांना हवी असेल तर प्रार्थना करा, शेजारच्या खाटेवरच्याला जाग येणार नाही एवढ्या आवाजात. दुखणं बरं झालं, तर ते कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, मंडळीत उभं राहून सांगायचं की घरातच ठेवायचं, हे त्या माणसाला ठरवू द्या.