बत्तीस बाइटांचा न्याय

'नमस्कार' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये साठवायला २१ बाइट लागतात. एटीटायनी१० या चिपची एकूण रॅम आहे ३२ बाइट. म्हणजे एक नमस्कार केला, की उरलेल्या ११ बाइटांत तिचा सगळा संसार. प्रोग्रॅमला जागा १ किलोबाइट. तुमच्या हातातल्या फोनची रॅम हिच्या कोट्यवधी पट आहे.

ही चिप एव्हीआर घराण्यातली, पण थोरल्या भावंडांकडे ३२ रजिस्टर आणि हिच्याकडे १६. त्यामुळे जीसीसी कंपायलरला हिच्यासाठी वेगळे नियम करावे लागले. फंक्शनला आर्ग्युमेंट कोणत्या रजिस्टरांतून द्यायची, हेसुद्धा बदललं. ही सोय २०१५ साली, जीसीसी ५ मध्ये आली.

एवढ्याशा चिपसाठी सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये अपवाद का करायचे? हा प्रश्न कद्रूपणाचा नाही. प्रत्येक अपवाद पुढची कित्येक वर्षं कुणीतरी वाचणार, तपासणार. बऱ्याचदा स्वतःच्या वेळेत. मध्यंतरी जीसीसीने आपली एक जुनी अंतर्गत रचना मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा ती वापरणारा अख्खा एव्हीआर विभागच वगळला जाण्याची वेळ आली होती. कुणीतरी बसून तो नव्या रचनेत आणला, म्हणून वाचला. आज आपण दाखवलेल्या उदारपणाचं बिल उद्या दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

तरी मला वाटतं, सोय द्यावी. बोर्डावर सोल्डर झालेल्या चिपला रॅम वाढवून मिळत नाही. जुळवून घेणं ज्याला शक्य आहे, त्याने घ्यावं. इथे ते कंपायलरलाच शक्य आहे. सगळ्यांना एकच नियम लावणं दिसायला समान असतं, पण तो नियम ३२ रजिस्टरवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो.

मात्र द्यायची तर पुरती द्यावी. प्रोग्रॅम १ किलोबाइटमध्ये बसला नाही, तर लिंकर स्पष्ट सांगतो: जागा नाही. रॅमचं तसं नाही. व्हेरिएबल खालच्या टोकाला असतात, स्टॅक वरून खाली उतरतो. प्रत्येक फंक्शन कॉल परतीच्या पत्त्यासाठी २ बाइट खातो. एकात एक चार कॉल झाले, की पाव रॅम संपली. स्टॅक व्हेरिएबलवर चढला, तर कुणी ओरडत नाही. एखादी किंमत गुपचूप बदलते आणि चिप तशीच चालत राहते.

कोड रिव्ह्यूत 'आत्ता घेऊन टाकू, टेस्ट नंतर बघू' हे वाक्य आपण सगळेच ऐकतो. मोठ्या मशीनवर ते खपून जातं, कारण चूक पचवायला तिथे जागा असते. ३२ बाइटांत ती नसते. अशा चिपला अर्धवट होकार देण्यापेक्षा स्वच्छ नकार बरा. नकार ऐकून माणूस दुसरी चिप तरी शोधतो. यादीत नाव घातलं, की टेस्ट, मर्यादांची नोंद आणि झेपत नाही तिथे ठणकावून एरर, हे सगळं आपल्या अंगावर आलं. तेवढी तयारी नसेल, तर नाव घालू नये.