खोटं बोलणाऱ्याशी खरं वागताना

स्टीफन विल्स न्यूझीलंडच्या संरक्षण तंत्रज्ञान संस्थेचे प्रमुख होते. आपण ब्रिटनतर्फे हिवाळी ऑलिंपिकमध्ये बॉबस्लेच्या शर्यतीत उतरलो होतो, असं ते सांगत. २०१० साली टीव्ही३ने त्यांचे दावे तपासले. ते टिकले नाहीत आणि विल्स यांनी राजीनामा दिला.

मोठं पद हाती होतंच, मग बॉबस्ले कशाला? फायद्यासाठीचं खोटं आपल्याला समजतं. गरज नसताना वर्षानुवर्षं बोललेलं समजत नाही. आंतोन डेलब्रुक यांनी १८९१ मध्ये अशा प्रवृत्तीचं वर्णन केलं, तरी डीएसएम-५मध्ये तो स्वतंत्र आजार नाही. विल्स यांना ते लागू होतं का, हे बाहेरून ठरवता येत नाही.

जवळच्या नात्यात मात्र ठरवावंच लागतं. एका जिवलग मित्राच्या बाबतीत मी दोन वर्षं वकिली केली. तारखा जुळवल्या, पावत्या मागितल्या. पकडला गेला की तो नवं रचायचा, आणि संशयी मात्र मी झालो.

त्याचा स्वतःवर ताबा नसेल, तर त्याचा दोष कमी होतो. पण म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवणं हे माझं कर्तव्य ठरत नाही. माया आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला उशिरा उमगलं. आता त्याच्या शब्दावर मी पैसे देत नाही, त्याची बाजू सावरायला इतरांशी खोटं बोलत नाही, उलटतपासणीही घेत नाही. उपचारांचं एकदा सुचवलं आहे.

त्याचा फोन मात्र उचलतो.