शब्दाचे अपराधित्व

जानेवारी १९१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथे कामाचे साप्ताहिक तास ५६ वरून ५४ झाले; गिरणीमालकांनी वेतनही कापले आणि संप पेटला. संपकाळात एक कामगार स्त्री गोळी लागून मरण पावली. घटनास्थळी नसलेले नेते जोसेफ एटर व कवी आर्तुरो जोव्हानित्ती यांच्यावर भाषणांतून हत्येस चिथावणी दिल्याचा आरोप आला. नोव्हेंबरमध्ये ते निर्दोष सुटले. नैतिक प्रश्न मात्र सुटला नाही. असंतोषाचे मूळ वेतनाऐवजी वक्त्याच्या शब्दात शोधणारे भय श्रोत्या कामगाराचा विवेकच नाकारते. उलटपक्षी, ‘ते केवळ शब्द होते’ हा बचाव शब्दाला अर्थशून्य ठरवतो. शब्दाचे उत्तरदायित्व स्वीकारायचे, तर श्रोत्याचे कर्तेपणही स्वीकारणे अपरिहार्य ठरते.