मालकी आणि राखण

एखादी वस्तू माझ्या मालकीची आहे, म्हणून ती नष्ट होऊ देण्याचाही मला अधिकार आहे काय? घरातल्या पाट्या-वरवंट्याविषयी हा प्रश्न कोणी विचारणार नाही. परंतु चित्रपट कायद्याने एकाच्या मालकीचा असला, तरी तो साऱ्या समाजाच्या स्मृतीचा भाग झालेला असतो. त्याच्याबाबत हा प्रश्न विवेकाला टाळता येत नाही.

भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली मुंबईत प्रदर्शित झाला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर बहुतेक मूकपट नाहीसे झाले होते. पी. के. नायर यांनी ठिकठिकाणी हिंडून जे उरले ते गोळा केले. त्यातलाही नायट्रेट फितींचा मोठा साठा जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच आगीत जळाला. नायट्रेट ज्वालाग्राही, त्यानंतरच्या ॲसिटेट फिती उष्ण, दमट हवेत आंबूस वास सोडत आकसतात. थंड कोठारात हा क्षय मंदावतो, थांबत नाही. अखेर वेळेवर दुसरी प्रत काढणे, हाच उपाय उरतो; आज ती संगणकीय असते.

येथे कायदा आडवा येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो. १९७० च्या चित्रपटाचा हक्क २०३० अखेरपर्यंत चालेल. फीत तोवर टिकेलच असे नाही. निर्माती संस्था बंद पडलेली, वारसांचा पत्ता नाही, अशा वेळी परवानगी मागावी कोणाकडे? हक्क जिवंत आणि कृती मृत, अशी विपरीत अवस्था येते.

२०१२ च्या दुरुस्तीने एक वाट उघडली. ज्या कृतीची प्रत आधीच संग्रही आहे, ती जतनासाठी संगणकीय रूपात साठवण्याची मुभा नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला मिळाली. परंतु त्या कलमात चित्रपट संग्रहालयाचा स्पष्ट उल्लेख नाही. साठवलेली कृती वाचका-प्रेक्षकांना दाखविण्याविषयीही ते मौन पाळते. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात चित्रपट-वारसा जपणाऱ्या संस्थांना जतनासाठी प्रत काढण्याची मोकळीक नाव घेऊन दिली, आणि बाजारातून गेलेल्या कृती लोकांसमोर आणण्याचा मार्गही आखून दिला.

प्रत काढणे म्हणजे चोरी, असे आपण सहज म्हणतो. आपल्याच साहित्याचा इतिहास वेगळे सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सतराव्या शतकातील त्याच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले, ते हस्तलिखितांच्या आधारे. छापील ग्रंथ गेले, परंतु श्रद्धेने ओवीमागून ओवी उतरवून घेणाऱ्या अनाम नकलकारांनी तो ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचविला. त्यांना कोणी चोर म्हणेल काय?

अर्थात दुसरी बाजूही न्यायाची आहे. चित्रपटामागे लेखक, कलावंत, तंत्रज्ञ यांचा घाम आणि निर्मात्याचे धन असते. जतनाच्या नावाखाली कोणी बाजार मांडला, तर तो श्रमाचा अपहार ठरेल. म्हणून दोन गोष्टींत विवेक करावा लागतो. नाशापासून वाचविण्यासाठी प्रत काढण्यास कोणाचीही परवानगी लागू नये, कारण त्याने मालकाचे काहीच हिरावले जात नाही. उलट त्याचेच धन राखले जाते. पाहण्याची सोय मात्र मर्यादेने व्हावी. मालक सापडत असेल व कृती विकत मिळत असेल, तर मोल द्यावे. तसे नसेल, तर अभ्यासकाला ग्रंथालयाच्या आवारात ती पाहता यावी. ही सोय केवळ पुण्यात असून भागणार नाही. जालन्याच्या विद्यार्थ्याचाही त्या वारशावर तेवढाच वाटा आहे.

शेताची राखण करणारा पिकाचा मालक होत नाही. परंतु राखणदारालाच बांधावर अडवले, तर मालकाच्याही हाती काही उरत नाही. मालकी हा समाजाने मान्य केलेला विश्वास आहे. जे आपल्यानंतरच्यांचेही आहे ते कुजू देण्याची मुभा त्या विश्वासात कधीच नव्हती.