सड्यावरची दीपकाडी

मृगाचे दोन-चार पाऊस पडले की कोकणातल्या कातळसड्यांवर दीपकाडी फुलते. कातळाच्या खळग्यात साठलेली बोटभर माती, तिच्यात रुतलेला छोटा कंद आणि गवतात सहज मिसळून जाणारी अरुंद पानं. दांडा वर येऊन त्यावर लांब नळीची पांढरीशुभ्र फुलं उमलेपर्यंत ती कुणाच्या नजरेत भरत नाही. गणपतीत चाकरमानी गावी येतात, सडा तेव्हा जांभळ्या-पिवळ्या फुलांनी भरलेला असतो, पण हिचा बहर केव्हाच आटोपलेला असतो.

जगाच्या पाठीवर ही वनस्पती आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यातच उगवते. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० साली तिची नोंद केली आणि शास्त्रीय नावातही कोकण आलं: डिपकॅडी कोंकनेन्स. आज अभ्यासक तिची गणना धोक्यातल्या वनस्पतींत करतात.

धोका कुठून येतो, हे सड्यावर उभं राहिलं की दिसतं. एकीकडे चिरेखाण, दुसरीकडे सुरुंग लावून, बाहेरची माती भरून उभी केलेली कलमांची बाग, मधून नवा रस्ता. हे सगळं चालतं पाऊस उघडल्यावर. तेव्हा पानं वाळून गेलेली असतात, कंद मातीत झोपलेला असतो आणि वर उरतो तो काळा, तापलेला दगड. जमिनीचा व्यवहार, मोजणी, पाहणी याच दिवसांत होते. सातबाऱ्यावर पोटखराब, डोळ्यांना ओसाड. मग जेसीबी लावताना कुणाचा हात कशाला थांबेल? जो कंद पुढच्या मृगाची वाट बघत होता, तो चिऱ्याच्या भुकटीत जातो. आणि त्याला रोपवाटिकेत नेऊन वाचवू म्हणणं मला अपुरं वाटतं. कातळ, खळगा आणि तो पाऊस, हे सगळं मिळून तिचं घर आहे.

याच सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. शोधकांनी गावोगाव पायपीट केली, गावकऱ्यांनी जागा दाखवल्या, म्हणून ते घडलं. दीपकाडीसाठीही वाट आहे. जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. जूनमध्ये गुरं घेऊन सड्यावर जाणाऱ्यांना ही फुलं कुठे येतात ते पक्कं ठाऊक असतं. त्यांना विचारून त्या जागा गट नंबरासकट नोंदवहीत चढवाव्यात, आणि सड्यावर खाणीची परवानगी मागणाऱ्याला ग्रामसभेने आधी पावसाळ्यातली पाहणी मागावी.